पेटीचा हिशेब

वाढोण्याच्या महिला मंडळाची खजिनदार मी.
चौथी पास, पण बेरीज पक्की.

पंचफुला गेली तेव्हा मे होता, सकाळचे अकरा.
बर्फाची लादी अठरा किलोमीटरवरून आणली,
भुशात गुंडाळली तरी येईस्तोवर अर्धी.
तिची लेक बालाघाटहून पोचली दुसऱ्या दिवशी.
राख अजून गरम होती.
रडली नाही. एवढंच म्हणाली,
"थांबता नाही आलं तुमाले?"

हा प्रश्न मंडळात बरेच दिवस पडून होता,
कुणाची तरी चप्पल पायरीवर राहून जावी तसा.
ओलांडायच्या सगळ्या, उचलायची कुणी नाही.

मग संक्रांतीला रुख्मा नेवारे म्हणाली,
"यंदा वाण नको. प्लास्टिकचे डबे
माह्या घरी सतरा हायेत, झाकणं नऊ."
वाणाचे पैसे वहीत आले. पहिली जमा.

पेटी हवी होती. काचेच्या झाकणाची,
वीज लावली की आत गार होणारी.
बासष्ट हजार, टेम्पोभाडं वेगळं.
सरपंच म्हणाले, त्यापेक्षा गावाला कमान करा,
वर तुमची नावं कोरू.
"कमानीत कोनाले ठेवता येते का, भाऊ?"
हीसुद्धा रुख्माच.

शिवरात्रीच्या जत्रेत लांब रोटीचा ठेला लावला.
पालथ्या मडक्याखाली लाकडं,
रुख्माच्या हातांवर कणीक झुलत झुलत
कोपरापर्यंत यायची, धोतरासारखी पातळ,
आणि लोक वांग्याची भाजी विसरून
नुसते तिच्या हातांकडे बघायचे.
चारशे बारा रोट्या, तीस रुपयांनी.
दोन कोपर भाजले, ते वहीत नाहीत.

शाहेदाबीने पाचशे दिले.
मी म्हटलं, तुमच्यात तर लवकरच नेतात.
ती म्हणाली, "माझी पण पोरगी मालेगावले दिली हाये."
पावती नको म्हणाली. मी फाडलीच.
एक नोट मात्र कुणाची ते आजही माहीत नाही,
चौपदरी घडी, बिब्ब्याच्या तेलाचा वास.

पेटी आली, तर ठेवायची कुठे?
शाळा नाही म्हणाली. देऊळ नाही म्हणालं.
ग्रामपंचायतीची किल्ली सापडेना.
शेवटी माझ्या गोठ्यात, कडब्याशेजारी.
सून दोन दिवस बोलली नाही,
मांजर मात्र पहिल्याच रात्री वर जाऊन झोपलं.

चालते की नाही बघायला हवं,
म्हणून आत ताकाचं भांडं ठेवलं.
दोन तासांत दात शिवशिवतील इतकं गार.
पण पिणार कोण?
सगळ्या एकमेकींच्या पदराकडे बघत उभ्या.
द्वारकाआजी पुढे झाली, भांडं तोंडाला लावलं,
ओठ पुसत म्हणाली,
"जिरं कमी हाये."

एप्रिलच्या सत्तावीस तारखेला
पेटी पहिल्यांदा निघाली, तिच्याचसाठी.

दुपारी चारला लाईन गेली.
गेडामांच्या जिनिंगवरून जनरेटर
बैलगाडीत घालून आणला, पोट्ट्यांनी ढकलत.
मधली चाळीस मिनिटं आम्ही सगळ्या
ओल्या गोणपाटांनी काच झाकून
बोलत होतो तिच्याशी, काहीबाही,
यंदा मोहाची फुलं किती कमी, असलं.

सुरतेहून लेक रात्री साडेनऊला उतरली.
तिने काचेवर हात ठेवला. हाताभोवती
धुक्याची कड उमटली आणि हात उचलल्यावरही
थोडा वेळ राहिली.
आईच्या कपाळावरचं गोंदण तिला बघायचं होतं.
बघितलं.

वहीत मी लिहिलं: वापर, साडेदहा तास. भाडे, निरंक.

तेरवीनंतर ती घरी आली, पाचशे एक घेऊन.
मी पावतीपुस्तक काढलं, नाव लिहिलं, रक्कम लिहिली,
'कशासाठी' या रकान्याशी पेन थांबलं.
स्मरणार्थ लिहू का, विचारलं.

तिला कुणीतरी त्या चाळीस मिनिटांचं सांगितलं असावं.
म्हणाली, "नाही. इन्व्हर्टर लिहा."